कर्करुग्णाचे वजन आणि भूक केसपेपरवर नोंदवली जावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगावरील नवी औषधे, नवी यंत्रे आणि नवी रुग्णालये यांविषयी वृत्तपत्रांतून सातत्याने बातम्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. परंतु हे सगळे उपचार ज्या शरीराला पेलायचे असतात त्या शरीरात दिवसभरात किती अन्न गेले, याची विचारपूस पुण्यातील अनेक बाह्यरुग्ण विभागांत होत नाही, आणि झालीच तर ती रुग्ण अंथरुणाला खिळल्यानंतर होते. मी या शहरात रुग्णालयीन आहारतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केले असून निवृत्तीनंतर कर्करुग्णांच्या घरी जाऊन आहाराविषयी मार्गदर्शन करते. त्या अनुभवाच्या आधारे माझी एकच मागणी आहे. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाचे वजन प्रत्येक भेटीत काट्यावर घेतले जावे, त्याच्या भुकेविषयी त्याला थेट प्रश्न विचारले जावेत आणि या दोन्हींची नोंद रक्ततपासणीच्या आकड्यांच्या शेजारी, तितक्याच काळजीने केली जावी.

ही मागणी किरकोळ वाटू शकेल, म्हणून एक उदाहरण देते. दौंडकडील एका गृहस्थांवर अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू होती. त्यांच्या फाइलमध्ये लागोपाठच्या तीन भेटींत वजन ६२ किलो असे लिहिलेले होते. त्यांच्या पत्नी मात्र सांगत होत्या, ‘‘ताई, ह्यांच्या पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडली, तरी पँट राहत नाही हो.’’ घरातल्या काट्यावर उभे केले तेव्हा वजन ५७ किलो भरले. पाच किलो म्हणजे मूळ वजनाच्या आठ टक्के, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. मागील भेटीचा आकडा पुढील कागदावर तसाच उतरवला जात होता, हे उघड आहे. केमोथेरपीच्या बहुतेक औषधांची मात्रा उंची आणि वजन यांवरून काढली जाते, त्यामुळे चुकीचे वजन म्हणजे आहाराविषयीची अनास्था तर आहेच, शिवाय तो औषधाच्या मात्रेचाही प्रश्न आहे.

कुपोषित रुग्णाला केमोथेरपीचे दुष्परिणाम अधिक होतात, त्याच्या औषधाची मात्रा वारंवार कमी करावी लागते, शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि उपचार मध्येच थांबवण्याची वेळ येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या व्याख्येनुसार, प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर त्या स्थितीला कॅकेक्सिया म्हणतात. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २० पेक्षा कमी आहे त्यांच्याबाबतीत २ टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी धरली जाते. आपल्या ग्रामीण भागातून येणारे कित्येक रुग्ण आजारापूर्वीच काटकुळे असतात आणि ‘हे मूळचेच बारीक आहेत’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून ही दुसरी अट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. याच्या उलट, ८० किलोचा माणूस ७२ किलोवर आला की नातेवाईक ‘बरे झाले, वजन उतरले’ असे म्हणून त्याचे अभिनंदन करतात. प्रत्यक्षात त्याचे दहा टक्के वजन गेलेले असते आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असू शकतो. पोटात पाणी साठलेल्या किंवा पायांवर सूज असलेल्या रुग्णाचा काटा तर सरळ सरळ फसवतो. अशा वेळी दंडाचा घेर, पोटरीचा घेर, हाताच्या पकडीतली ताकद आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का, हे पाहावे लागते.

कॅकेक्सिया ही निव्वळ उपासमार नाही. कर्करोगामुळे शरीरात सतत दाह (इन्फ्लमेशन) चालू राहतो, त्यातून निर्माण होणारी रसायने मेंदूतील भुकेच्या केंद्रावर परिणाम करतात आणि त्याच वेळी स्नायूंची झीज वेगाने होते. त्यामुळे ‘नीट जेवत नाही म्हणून वाळला’ हे अर्धेच सत्य आहे. आजारच त्याची अन्नावरची वासना उडवतो. हे घरच्यांना पहिल्या भेटीतच समजावून सांगितले, तर ताट पुढे करणारा आणि ताट परत सारणारा यांच्यात रोज होणारी भांडणे बरीच कमी होतील. पत्नीला वाटते की माझ्या हातचे आता गोड लागत नाही, आणि रुग्णाला वाटते की मी मुद्दाम करतो असे सगळे समजतात. मी पाहिलेल्या घरांत ही वेदना औषधाच्या खर्चाइतकीच मोठी होती.

प्राथमिक चाचणीसाठी ना यंत्र लागते ना पैसा. ऑस्ट्रेलियात तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी एक साधी पद्धत दोनच प्रश्न विचारते: अलीकडे प्रयत्न न करता वजन कमी झाले का आणि किती; आणि भूक कमी झाल्यामुळे जेवण कमी झाले का. उत्तरांना गुण देऊन बेरीज दोन किंवा अधिक झाली, की रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे पाठवायचे. हे काम परिचारिका रुग्णाचा रक्तदाब मोजता मोजता करू शकते. त्यापुढचे सविस्तर मूल्यमापन आहारतज्ज्ञाने करावे: गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्ले, कोणते पदार्थ सोडले आणि का, चालण्या-फिरण्यात काय फरक पडला, खांद्यावरचे आणि कानशिलावरचे मांस किती उतरले. एक गोष्ट मात्र आवर्जून नमूद करते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आले म्हणजे प्रथिने कमी पडली, असा निष्कर्ष आजही सर्रास काढला जातो. दाह असताना अल्ब्युमिन कमी होतेच, त्यामुळे पोषणाचे मोजमाप म्हणून ते भरवशाचे नाही, आणि शिरेतून महागडे अल्ब्युमिन चढवणे हा पोषणाचा उपाय तर मुळीच नाही.

भूक नाही असे कळल्यावर पहिला प्रश्न ‘काय खायला द्यावे’ हा नसून ‘कशामुळे खाता येत नाही’ हा असला पाहिजे, आणि माझ्या मते या टप्प्यावरच सर्वाधिक रुग्णांचे नुकसान टळू शकते. टॉर्च घेऊन तोंडात पाहणे हे सर्वांत आधी करायचे काम आहे. जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर असेल, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर औषध आहे आणि ते सुरू झाल्यावर काही दिवसांतच माणूस जेवू लागतो. तोंड आले असेल तर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश आणि जेवणापूर्वी दुखणे कमी करणारे औषध यांचा उपयोग होतो. मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाला बद्धकोष्ठ होणे जवळजवळ ठरलेले असते, आणि चार-पाच दिवस पोट साफ झाले नाही तर कोणाला भूक लागेल? मॉर्फिनसोबत रेचक पहिल्या दिवसापासून दिले गेले पाहिजे. मळमळीची औषधे उलटी झाल्यावर घ्यायची नसून सांगितलेल्या वेळी आधीच घ्यायची असतात, हे कित्येक घरी कोणी सांगितलेलेच नसते. आणि त्यांतील काही औषधांनीही बद्धकोष्ठ होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाचक रस कमी पडल्याने शौचाला तेलकट, चिकट होते; तेथे जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्याशिवाय कितीही तूप-लोणी खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. दुखणे, झोप न लागणे, मनाची उदासी, पैशांची चिंता या सगळ्या गोष्टी भुकेच्या खात्यावरच जमा होतात आणि त्यांपैकी प्रत्येकीवर काही ना काही करता येते.

त्यानंतर स्वयंपाकघराचा हिशेब येतो. युरोपातील वैद्यकीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्करुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० उष्मांक आणि एक ग्रॅमपेक्षा अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला १२५० ते १५०० उष्मांक आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. आता आपल्याकडे आजारी माणसाला ‘हलके’ म्हणून काय दिले जाते ते पाहा: दोन वाट्या तांदळाची पेज, दोन शहाळी, दोन पेले मोसंबीचा रस. हे सगळे प्रेमाने दिलेले असते, पण त्याची बेरीज पाचशे उष्मांकांच्या आसपास आणि प्रथिने दहा ग्रॅमच्याही आत भरतात. दिवसभर काही ना काही पोटात जात असल्याने घरच्यांना समाधान वाटते आणि रुग्ण मात्र दिवसेंदिवस झिजत जातो.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या जवळपास आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणून पेज द्यायचीच असेल तर ती मुगाची डाळ घालून, वरून तूप सोडून द्यावी. नाचणीचे सत्त्व पाण्याऐवजी दुधात करावे आणि त्यात दोन चमचे दुधाची पावडर मिसळावी. मेतकूट-भातावर तूप आणि जोडीला घट्ट सायीचे दही असावे. जे मांसाहार करतात त्यांनी खिमा, मऊ शिजवलेले मासे, अंड्याची भुर्जी बिनतिखट करून द्यावी. ताट भरून वाढलेले पाहूनच कित्येकांना शिसारी येते, त्यामुळे लहान वाटीत, दर दोन-अडीच तासांनी, चार-सहा घास असे वाढावे. सकाळी बहुतेकांना त्यातल्या त्यात बरे वाटते, तेव्हा सर्वांत पौष्टिक पदार्थ सकाळीच द्यावा. जेवताना घटाघटा पाणी पिऊ देऊ नये, कारण त्यानेच पोट भरते. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर गार किंवा कोमट पदार्थ अधिक सोसतात. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा आणि तोंड आलेले नसेल तर लिंबू, आमसूल, आवळा यांची मदत घ्यावी. बाजारातील प्रथिनांच्या डब्यांचा उपयोग आहे, परंतु तो घरचे अन्न पुरे पडत नसेल तेव्हा, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने. कर्ज काढून डबे आणायचे आणि घरातील अंडे-दूध बंद करायचे, असे मी पाहिले आहे आणि त्याचे फार वाईट वाटते.

दूध, अंडी, साखर बंद करण्याचा सल्ला कोठून येतो? बहुधा मोबाइलवरून. ‘साखरेवर कर्करोग पोसतो, म्हणून साखर, भात, फळे बंद करा आणि रोग उपाशी मारा’ हा संदेश पुण्यातील सुशिक्षित घरांत जितका फिरतो तितका खेड्यांतही फिरत नसेल. कर्कपेशी ग्लुकोज अधिक वापरतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले आणि शरीरातील गाठी शोधणाऱ्या पेट स्कॅन या तपासणीत याच गुणधर्माचा उपयोग केला जातो. पण त्यावरून आहारातील साखर तोडली की गाठ उपाशी मरते, हा निष्कर्ष निघत नाही. खाण्यातून ग्लुकोज मिळाले नाही, तर शरीर आपल्याच स्नायूंमधील प्रथिने मोडून ते तयार करते. गाठीला हवे ते मिळत राहते आणि झिजतो तो माणूस. कोणत्याही विशिष्ट आहाराने कर्करोग बरा होत असल्याचा पुरावा नाही, आणि वजन घटत असलेल्या रुग्णावर पथ्यांची बंधने लादणे घातक आहे. मधुमेही रुग्णांची साखर अर्थातच सांभाळावी लागते, परंतु त्यासाठी जेवण तोडण्यापेक्षा डॉक्टरांकडून औषधांची मात्रा बदलून घेणे अधिक योग्य.

येथे उपवासांविषयीही लिहिणे भाग आहे. केमोथेरपी चालू असताना एकादशी, संकष्टी आणि श्रावणातले सोमवार निष्ठेने पाळणारे रुग्ण मला भेटतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही. आजारपणात व्रतातून सवलत घेण्याची आपल्याकडे रूढीच आहे, आणि ज्यांना तशी सवलत घेणे मानवत नाही त्यांनी निदान राजगिरा, वरी, रताळे, शेंगदाण्याचा कूट, दूध, दही, खवा यांचा आधार घ्यावा. चहा आणि साबुदाण्याच्या चार घासांवर दिवस काढू नये.

‘सलाइन लावले की ताकद येते’ हा समजही असाच महागात पडतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे ग्लुकोजच्या) अर्ध्या लिटरच्या बाटलीतून जेमतेम ८५ उष्मांक मिळतात, म्हणजे कपभर सायीच्या दुधाहूनही कमी, आणि साध्या मिठाच्या सलाइनमधून तर शून्य. शरीरातले पाणी कमी झाले असेल तर सलाइन जरूर लावावे, परंतु अन्नाला पर्याय म्हणून त्यावर पैसे घालवू नयेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या भूक वाढवणाऱ्या सिरपांविषयीही हेच म्हणता येईल; त्यांतील सायप्रोहेप्टाडीनमुळे प्रौढ कर्करुग्णांचे घटणारे वजन सावरते, असा भक्कम पुरावा नाही.

याचा अर्थ औषधांचा उपयोगच नाही असा नव्हे. स्टेरॉइडने भूक लवकर सुधारते, परंतु परिणाम काही आठवडेच टिकतो आणि दीर्घकाळ घेतल्यास स्नायू अधिक झिजतात, साखर वाढते. मेजेस्ट्रॉलने वजन वाढते, पण ती वाढ प्रामुख्याने चरबीची आणि पाण्याची असते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. या बाबतीत अलीकडील सर्वांत आशादायक काम आपल्याच देशात, पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत झाले आहे. जठर, फुप्फुस, यकृत-पित्तमार्ग आणि स्वादुपिंड यांचा पसरलेला किंवा बळावलेला कर्करोग असलेल्या १२४ रुग्णांच्या या चाचणीत केमोथेरपीसोबत १२ आठवडे रोज २.५ मिलिग्रॅम ओलान्झापीन दिल्यावर ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या औषधाचा समावेश केला. ही गोळी मूलतः मानसिक आजारांवर वापरली जाते, त्यामुळे ‘आमच्या माणसाला वेडाची गोळी का दिली’ असे विचारून घरचे ती बंद करतात. कमी मात्रेत ती मळमळ आणि भूक या दोन्हींसाठी दिली जाते, हे डॉक्टरांनी लिहून देतानाच सांगावे. आणि तिने झोप येते, साखर वाढू शकते, म्हणून कोणीही ती परस्पर घेऊ नये.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळतात, आणि त्यांच्या रुग्णांसाठी नाकातील नळीचा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. किरणोपचार साधारण सहा-सात आठवडे चालतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळणे असह्य होते. तेव्हा ‘नळी लागली म्हणजे संपले’ या भीतीपोटी नळी नाकारली जाते, रुग्ण खंगतो आणि किरणोपचारांत खंड पडतो. असा खंड पडला तर रोग आटोक्यात येण्याची शक्यताच कमी होते. नळी ही तात्पुरती सोय आहे, ती वेळेवर घातली तर उपचार ठरल्या वेळी पुरे होतात, आणि नळी असतानाही घोटभर पाणी गिळण्याचा सराव चालू ठेवल्यास पुढे गिळणे लवकर पूर्ववत होते. आठवडाभर किंवा अधिक काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्याला मात्र एकदम भरपूर आहार देऊ नये. रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून रक्ततपासणी करत आहार हळूहळू वाढवावा लागतो.

आजार शेवटच्या टप्प्यात गेल्यानंतर हे सगळे हिशेब बाजूला ठेवावे लागतात. त्या अवस्थेत शरीर अन्न स्वीकारत नाही, बळेच भरवल्याने ठसका लागतो, उलट्या होतात, आणि रुग्णाला भुकेचा त्रास होत नसतो, हे कुटुंबाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज असते. तोंड ओले ठेवणे, आवडीच्या पदार्थाचा एखादा चमचा चाखवणे, एवढेच पुरेसे असते. वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे परिहार सेवा (रुग्णाचा त्रास कमी करणारी, पॅलिएटिव्ह केअर) केंद्र विनामूल्य चालते, हे अजूनही अनेक पुणेकरांना ठाऊक नाही. तेथे अखेरच्या दिवसांतच जायचे असते हा समजही बरोबर नाही. दुखणे, मळमळ, भूक न लागणे या तक्रारींसाठी उपचार चालू असतानाही परिहार सेवेचा लाभ घेता येतो.

शहरातील सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांनी पुढील गोष्टी विनाविलंब कराव्यात, अशी माझी विनंती आहे. कर्करोग विभागाच्या केसपेपरवर वजन, मागील भेटीपासून झालेली टक्केवारीतील घट आणि भूक असे तीन रकाने छापावेत. बाह्यरुग्ण विभागात चालू स्थितीतील काटा आणि चालता न येणाऱ्यांसाठी खुर्चीचा काटा ठेवावा. निदान झाल्यापासून पहिल्या आठवड्यातच आहारतज्ज्ञाची भेट ठरवावी आणि तिचे वेगळे शुल्क आकारू नये. सोलापूर, सातारा, अहिल्यानगर येथून येणाऱ्या रुग्णांसाठी पुढील भेटी फोनवरून करण्याची सोय ठेवावी. राज्याच्या आरोग्य विभागानेही कर्करोगाच्या उपचारांसाठी निधी देताना आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि गरजेनुसार पोषक आहार हा उपचाराचाच भाग मानावा. रुग्णांच्या नातेवाइकांनी तोपर्यंत थांबू नये. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी, सकाळी नाश्त्यापूर्वी वजन घेऊन ते तारखेसह वहीत लिहावे आणि प्रत्येक भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रुग्णालयीन आहारतज्ज्ञ,
कोथरूड, पुणे